बांची वही

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण, संकेतस्थळासाठी संपादित)

अध्यक्ष महोदय, कार्यकारिणीचे सभासद आणि आज येथे जमलेल्या सर्व मित्रमैत्रिणींनो,

आपल्या मंडळात आठवणींचे दोन शब्द बोलायचे ते सहसा आपल्याच माणसाविषयी. आज मी ज्यांच्याविषयी बोलणार आहे, त्या माझ्या व्हिएतनामी शेजारीण मंडळाच्या सभासद नव्हत्या. एकदाच, गणपतीच्या दिवसांत, त्या माझ्याबरोबर आपल्या कार्यक्रमाला आल्या होत्या आणि मोदक खाऊन झाल्यावर सारणातले खोबरे ओल्या नारळाचे नसून गोठवलेल्या पाकिटातले आहे, असे त्यांनी मला हळूच सांगितले होते. ते खरेच होते. त्यांचा जन्म व्हिएतनाममध्ये मेकाँग नदीच्या मुखाजवळच्या, नारळासाठी प्रसिद्ध असलेल्या तेव्हाच्या बेन त्रे प्रांतातला आणि माझा गुहागरचा; त्यामुळे या एका बाबतीत आमचे कधी दुमत झाले नाही.

कॅलिफोर्नियातल्या सान होजेमध्ये आम्ही त्यांच्या शेजारी राहायला गेलो, तेव्हा त्यांनी नातीमार्फत मला पहिला प्रश्न विचारला तो वयाचा. मला ते जरा खटकले. पुढे कळले की व्हिएतनामी भाषेत ‘मी’ आणि ‘तू’ या शब्दांवर भागत नाही. समोरचा माणूस आपल्याहून लहान की मोठा हे कळल्याशिवाय वाक्यच सुरू करता येत नाही, कारण बोलणारा आणि ऐकणारा दोघेही नात्याच्या शब्दांनीच ओळखले जातात. आपल्यासारखाच त्यांच्याकडेही काका वेगळा, मामा वेगळा, आत्या वेगळी, मावशी वेगळी. आईकडची आजी आणि वडिलांकडची आजी यांनाही निरनिराळी नावे. माझे वय ऐकून त्यांनी निकाल दिला: मी त्यांना ‘बा’, म्हणजे आजी, म्हणायचे आणि स्वतःचा उल्लेख ‘कोन’, म्हणजे लेकरू, असा करायचा. चाळिशीच्या उंबरठ्यावर मी पुन्हा कुणाचे तरी लेकरू झाले.

बांचे यजमान दक्षिण व्हिएतनामच्या सैन्यात अधिकारी होते. ३० एप्रिल १९७५ रोजी दक्षिणेची राजधानी सायगॉन उत्तर व्हिएतनामच्या हाती पडली आणि त्यानंतर नव्या सरकारने त्यांना ‘पुनर्शिक्षणा’च्या छावणीत नेले. नाव शिक्षणाचे असले, तरी तो तुरुंगच होता. ते सहा वर्षांनी परत आले. या काळात घर बांनी एकटीने चालवले. १९८० मध्ये त्यांनी सोळा आणि चौदा वर्षांच्या दोन मुलांना समुद्रमार्गे देशाबाहेर पाठवले. होडीत जागा मिळवण्यासाठी सोने मोजावे लागे. तिकडे सोने ‘लुओंग’वर मोजतात आणि एक लुओंग म्हणजे साडेसदतीस ग्रॅम, आपल्या तीन तोळ्यांहून अधिक. बांनी लग्नातले सगळे सोने त्या दोन जागांसाठी दिले. मुले मलेशियाच्या पुलाऊ बिदोंग बेटावर पोहोचली. जेमतेम एक चौरस किलोमीटरच्या या बेटावर १९७९ च्या मध्यात सुमारे चाळीस हजार निर्वासित दाटीवाटीने राहत होते. मुले जिवंत असल्याचे पत्र बांना कित्येक महिन्यांनी मिळाले. त्या मधल्या दिवसांविषयी मी एकदा विचारले होते. त्यांनी उत्तर दिले नाही, आणि मीही पुन्हा विचारले नाही.

तीन वर्षांहून अधिक काळ छावणीत काढलेल्यांना कुटुंबासह अमेरिकेत येऊ देण्याचा करार १९८९ मध्ये दोन्ही देशांत झाला. त्याच वाटेने बा, त्यांचे यजमान आणि धाकटी मुलगी १९९१ मध्ये येथे आली. त्या वेळी त्या त्रेपन्न वर्षांच्या होत्या. इंग्रजी येत नव्हते, म्हणून त्यांनी रात्रपाळीत सर्किट बोर्डांवर सुटे भाग जोडण्याचे काम धरले. या सभागृहातील अनेकांनी त्या काळात याच परिसरातल्या कंपन्यांत बोर्डांची रचना केली आहे. ते बोर्ड जोडणाऱ्या हातांमध्ये व्हिएतनामी बायकांचे हात फार मोठ्या संख्येने होते, हे आपल्यापैकी किती जणांनी कधी लक्षात घेतले असेल, याची मला शंका आहे. मी स्वतः तरी घेतले नव्हते.

व्हिएतनामी भाषेत गृहिणीला ‘आतला सेनापती’ अशा अर्थाचा एक शब्द आहे. बांच्या सेनापतिपणाचे मुख्य शस्त्र म्हणजे एक निळी वही. तिच्या पहिल्या भागात ‘हुई’चा हिशेब असे. हुई म्हणजे आपली भिशीच, तीही लिलावाची: ज्याला गरज अधिक, तो अधिक सूट देऊन रक्कम आधी उचलतो, आणि ज्याला थांबता येते, त्याच्या हाती शेवटी जास्त पडते. बँक ज्यांना दारात उभे करत नव्हती, अशा बायकांनी या पैशावर शिवणयंत्रे घेतली, गाड्या घेतल्या. बांच्या मुलीचे नखे रंगवण्याचे दुकान याच पैशातून उभे राहिले. हुई चालवणाऱ्याला थोडा मोबदला मिळतो, पण कुणी पैसे बुडवले तर भरपाईही त्यालाच करावी लागते. एका वर्षी एक बाई रक्कम उचलून गाव सोडून गेली. बांनी दोन वर्षे जादा पाळ्या करून इतरांचा प्रत्येक डॉलर फेडला, आणि त्या बाईचे नाव आमच्यासमोर कधीही उच्चारले नाही. त्यांचे मुलगे आजही सांगतात की घरात बांचा शब्द चाले, तो त्या आई होत्या म्हणून नव्हे, तर त्या दोन वर्षांमुळे. माझ्या मते दोन्ही कारणे खरी असावीत.

वहीच्या दुसऱ्या भागात तारखा होत्या. घरातल्या मृत माणसाच्या वार्षिक स्मरणाला व्हिएतनामी लोक, बांच्या दक्षिणी उच्चारात, ‘यो’ म्हणतात, आणि तो आपल्या श्राद्धासारखाच चांद्र तिथीने येतो. वाफाळते पदार्थ आधी पूर्वजांच्या वेदीवर मांडतात, उदबत्त्या लावतात, आणि त्या जळून गेल्या की तेच अन्न सगळे मिळून जेवतात. त्यात सुतकी शांतता नसते. पोरे धावतात, शेजारी येतात, जावई मोठ्याने हसतात. बा अमावास्येच्या सुमारास सुरू होणाऱ्या महिन्याच्या पहिल्या दिवशी आणि पौर्णिमेला शाकाहार पाळत, आणि त्या दिवशी आमच्याकडे कुंपणावरून चिंच, अननस आणि भेंडी घातलेल्या आंबट सारभाताचे भांडे हमखास येई.

माझ्या आईची तिथी कार्तिक वद्य पंचमीची. एका वर्षी मी पान वाढलेले पाहून बांनी चौकशी केली आणि कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडला. त्यांचा पहिला महिना म्हणजे साधारण आपला माघ. महिना अमावास्येला संपणारा. पंधरवडे नाहीत, दिवस सरळ तीसपर्यंत मोजायचे. म्हणजे दहाव्या महिन्याची वीस तारीख. तेव्हापासून दरवर्षी आदल्या संध्याकाळी त्यांचा फोन येई: ‘उद्या तुझ्या आईचा यो.’ अधिक महिना त्यांच्याकडे आणि आपल्याकडे प्रत्येक वेळी एकाच ठिकाणी पडत नाही, त्यामुळे एखाद्या वर्षी महिन्याभराचा फरक येई. मग कोणाचे पंचांग बरोबर यावर आमचा वाद होई आणि तो कधीच मिटत नसे.

बा २०२४ च्या वसंतात गेल्या. गेल्या वर्षी चैत्रात त्यांचा पहिला यो झाला, तेव्हा मुलीने वही माझ्यासमोर ठेवली. सासू, सासरे, यजमान, समुद्रात हरवलेला एक भाचा, अशा नोंदींच्या खाली लिहिले होते: ‘शेजारच्या लेकराची आई, १०/२०.’

डिसेंबरात एका संध्याकाळी त्या मुलीचा फोन आला. माझ्या पंचांगाप्रमाणे आईची तिथी होऊन महिना लोटला होता. मी ते तिला सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा खीर केली, पान वाढले आणि एक वाटी कुंपणापलीकडे दिली.