डोंगर बघायला कधी जायचं?

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय ‘संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातली प्रेक्षणीय स्थळं’. स्थळं सांगतोच, पण आधी माझा एक हट्ट ऐकून घ्या. डोंगरात कुठे जायचं हे सगळे विचारतात. कधी जायचं, हे कोणीच विचारत नाही.

आपण ठाणेकर. पोखरण रोडवर मान वर केली की उद्यानातलाच येऊरचा डोंगर समोर. २०१६ साली तिथे कारवी फुलली होती. आठ वर्षांतून एकदा हे झुडूप फुलतं, बी धरतं आणि मरतं. मी एका ग्रुपबरोबर गेलो होतो. त्यांच्या कागदावर पाच पॉइंट, प्रत्येकाला दहा मिनिटं. मी जांभळ्या तुऱ्याला हात लावला, बोटं चिकट झाली, मधमाश्या कानाशी घोंघावत होत्या, तोच शिट्टी वाजली. चला, चला! फोटो काढून झाले होते. काहींनी तर फांद्या मोडून हातात घेतल्या होत्या. आठ वर्षं थांबलेल्या झाडाची बी धरायच्या आत फांदी मोडायची? मला अजून राग येतो.

तिथल्या पाड्यावरच्या एक आजी सगळं बघत होत्या. त्यांच्या घराचा कूड कारवीच्याच काठ्यांचा, वरून शेणमातीनं लिंपलेला. म्हणाल्या, “भाऊ, आता नको, पुढच्या पहिल्या पावसात ये.” जूनमध्ये गेलो. सगळी कारवी वाळून करडी पडली होती. सर आली, बोंडं भिजली, आणि सगळ्या उतारावर तडतड सुरू झाली. बोंडं फुटून बी उडत होती. एक माझ्या चष्म्यावर आपटली! तासभर मी तिथून हललो नाही. कुठल्याही यादीत ती जागा नाही.

चिठ्ठी आली, दहाच मिनिटं उरलीत. तर भराभर सांगतो. कान्हेरीला भर पावसात जा. शंभराहून अधिक लेणी आहेत, पण त्या दिवशी पाणी बघा. कातळात खोदलेल्या पन्हळींतून ते टाक्यांत उतरतं. तिथल्या शिलालेखांत टाक्याला ‘पोढी’ म्हटलंय, आणि दान देणाऱ्यांत आपल्या शेजारच्या कल्याणची माणसं आहेत. जांभूळमाळ हा उद्यानातला सगळ्यात उंच माथा, साडेचारशे मीटरच्या वर. तिथे पाऊस सरल्यावर, हवा धुतलेली असताना जा. विहार आणि तुळशी, दोन्ही तलाव दिसतील. विहार १८६०चा, तुळशी १८७९चा, मुंबईला अजून पाणी देतात. वनखात्याची परवानगी आणि वाटाड्या घेऊनच जा. मामा-भाच्याच्या डोंगरावर मात्र सकाळी. पारसिकच्या डोंगरामागून ऊन वर येतं, खाली सगळं ठाणं आणि पलीकडे खाडी.

कारवी २०२४ला पुन्हा फुलून गेली. पुढचा बहर २०३२चा. पहिल्या रांगेतली ही मुलं तेव्हा कॉलेजात असतील. त्यांना घेऊन जा, आणि पुढच्या जूनमध्ये पहिल्या सरीला परत घेऊन जा. प्रश्न असतील तर खाली चहाला बोलू.