किती लेकरं, किती पाजलं

नमस्कार श्रोतेहो. निपाणी, चिकोडी, खानापूर या भागात मी नर्स म्हणून उभा जन्म काढला. कॅन्सरच्या पाहणीचे आमचे फॉर्म कन्नडमध्ये आणि कितीतरी घरं मराठी. म्हणून प्रत्येक प्रश्न उंबऱ्यावरच मराठीत करून विचारायचा. पहिलं मूल कितव्या वर्षी झालं, बाळंतपणं किती, अंगावर किती महिने पाजलं. स्वतःचं वय बऱ्याच जणींना सांगता येत नसे. मग "बहात्तरच्या दुष्काळात थोरला पोटात होता की रांगत होता?" असं विचारलं, की झटकन उत्तर यायचं.

निपाणीतल्या एक विडी कामगार मावशी मला आजही दिसतात. मांडीवर सूप, हातात कात्री. तेंदूच्या पानावरची नजर न काढता त्या म्हणाल्या, "एवढं खोदून कशाला इचारतीस बाई? कॅन्सरचा आन् माझ्या लेकरांचा काय संबंध?" मला तेव्हा धड सांगता आलं नाही.

तो संबंध जिनं आकड्यांनी दाखवून दिला, त्या डॉक्टरबाईचं नाव जॅनेट लेन-क्लेपॉन. जन्म 1877, इंग्लंडमधला. आधी तिनं बर्लिनमधल्या तान्ह्या बाळांची वजनं तपासली, आईचं दूध पिणारी एकीकडे आणि उकळलेलं गाईचं दूध पिणारी दुसरीकडे. तिचं मोठं काम 1926 सालचं. स्तनाचा कॅन्सर झालेल्या 500 बायका आणि तो न झालेल्या 500 बायका, दोघींना सारखेच प्रश्न.

या दुसऱ्या 500 जणींपाशी मी मुद्दाम थांबते. आजारी बाईला दोन मुलं आहेत, एवढंच कळून काय करायचं? तिच्याच वयाच्या धडधाकट बाईला किती, हे शेजारी मांडलं तरच काही उमगतं. तसं मांडल्यावर दिसलं, की आजारी बायकांची लग्नं उशिरा झालेली, मुलं कमी, अंगावर पाजणंही कमी. आज जगभर हीच पद्धत वापरतात.

1929 साली तिनं लग्न केलं. विवाहित बाईला तिथल्या सरकारी नोकरीत तेव्हा जागा नसे. काम तिथंच थांबलं. पुढं ती 1967 पर्यंत जगली. एवढी वर्षं वाया गेली याची मला अजून चीड येते.

गर्भाशयाच्या पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरचं गणित वेगळं. तो एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो आणि तिथं जास्त बाळंतपणांनी धोका वाढतो. धाराशिव जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबादेत, 1999 पासून 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बायकांचा अभ्यास झाला. ज्या गटाची एकदाच एचपीव्ही चाचणी केली, त्यात या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. आयुष्यात एकदाच केलेली चाचणी, मायबहिणींनो! तिशीपुढच्या बाईसाठी तपासणी आता सरकारी दवाखान्यातही असते. आशाताई दारात आली, तर तिला आत बसवा आणि खरं ते सांगा.

त्या मावशींना मी पुढं पुन्हा भेटले. या वेळी सगळं समजावून सांगितलं. प्रत्येक बाळंतपण मोजायचं असतं, मूल जगलं असो वा नसो, हेही सांगितलं. त्यांचा कात्रीचा हात थांबला. माझ्या जुन्या कागदावर 'पाच' लिहिलेलं होतं.

"सहा लिही," त्या म्हणाल्या. "पयली पोरगी बाराव्या दिवशी गेली. तिला कुणी धरतच न्हाई."