काढलं ते काढलं, जागेवर ठेवलं काय?

नमस्कार मंडळी. कॉमिकमधल्या एखाद्या हिरोवर नवा पिक्चर येणार म्हटलं की ट्रेलर यायच्या आधीच भांडण सुरू, हे तुम्ही बघितलंच असेल, सूटचा रंगच चुकलाय, हा नट शोभतच नाही, हा आमचा बॅटमॅन नव्हेच, आणि समोरचे म्हणणार की अहो कशाला एवढं मनाला लावून घेता, कार्टून तर आहे. मला खरं सांगायचं तर दोघांचंही पटत नाही.

जे लोक ‘मूळ कॉमिकसारखंच पाहिजे’ म्हणतात त्यांना आधी एक विचारतो, मूळ म्हणजे नेमकं कधीचं? 1938 साली सुपरमॅन आला तेव्हा त्याला उडताच येत नव्हतं. उड्या मारायचा, वीस मजली बिल्डिंगवरून मारायचा पण उड्याच. पुढे 1941 मध्ये त्याची कार्टून्स करायला घेतली तेव्हा ते सारखं टुणूक टुणूक पडद्यावर बावळट दिसायला लागलं, मग गडी सरळ हवेतून जायला लागला. आणि ते क्रिप्टोनाइट, म्हणजे सुपरमॅनची ताकद काढून घेणारा दगड, ज्याच्याशिवाय आज सुपरमॅनची गोष्टच लिहिता येणार नाही, ते कॉमिकमध्ये आलं 1949 ला, त्याच्या सहा वर्षं आधी ते आलेलं रेडिओवर, सुपरमॅनच्या श्रुतिकामालिकेत. (आम्ही रेडिओवाले हे जरा मिरवणारच.)

बॅटमॅनचा व्हिलन मिस्टर फ्रीझ, त्याचं तर आणखीच भारी आहे. 1959 च्या कॉमिकमध्ये हा मिस्टर झीरो नावाचा एक बर्फाची बंदूकवाला किरकोळ चोर, फ्रीझ हे नाव दिलं 60 च्या दशकातल्या टीव्ही सिरीयलने, आणि आजारी बायकोला गोठवून ठेवून तिच्यासाठी वेडा झालेला शास्त्रज्ञ, ही जी आपल्याला माहिती असलेली गोष्ट आहे ती आली 1992 च्या बॅटमॅनच्या अ‍ॅनिमेटेड सिरीजमध्ये. कॉमिकवाल्यांनी ती नंतर गुपचूप आपली करून टाकली. तेव्हा ‘बदल करायचा नाही’ हा नियम लावला असता तर निम्मी चांगली कॅरेक्टर्स आपल्याला मिळालीच नसती.

मग काहीही चालेल का? नाही ना. मी आपलं एवढंच बघतो की काढलं ते काढलं, पण त्या जागेवर ठेवलं काय.

स्पायडरमॅन घ्या. कॉमिकमधला पीटर पार्कर जाळं फेकायचं यंत्र स्वतः घरी बसून बनवतो, जवळ पैसे नसलेला हुशार पोरगा, आणि ऐन मारामारीत त्यातलं लिक्विड संपतं, मग वाचणाऱ्याचा जीव टांगणीला. 2002 च्या पिक्चरमध्ये यंत्रच काढून टाकलं, जाळं थेट मनगटातून यायला लागलं. लोक जाम चिडले आणि बरोबरच होतं, त्याची हुशारी गेली, ते संपण्याचं टेन्शन गेलं. पण 2004 च्या दुसऱ्या भागात बघा काय केलंय, पोराच्या मनातच शंका शिरते की मला हे करायचंय का, आणि जाळं यायचं बंद होतं. बिचारा गच्चीवरून खाली जायला लिफ्ट पकडतो, पूर्ण ड्रेसमध्ये, शेजारी एक अनोळखी माणूस, तो म्हणतो ड्रेस मस्त आहे, आणि आपला हिरो अवघडून सांगतो की जरा खाजतो. त्या एका लिफ्टमध्ये मला कॉमिकमधला पीटर पूर्ण सापडला, यंत्र नसतानाही. याला म्हणतात भरपाई.

आता 2013 चा सुपरमॅनचा पिक्चर. शेवटी तो झॉडची, म्हणजे व्हिलनची, मान मोडतो आणि गदारोळ झाला की सुपरमॅन कधी मारत नाही. अहो मारलंय की, 1988 च्या कॉमिकमध्ये त्याने झॉड आणि त्याच्या दोन साथीदारांना क्रिप्टोनाइटने संपवलंय. पण त्यानंतर काय होतं, तो आतून मोडतो, त्याचं डोकं ठिकाणावर राहत नाही, शेवटी स्वतःच स्वतःला पृथ्वीबाहेर हद्दपार करून घेतो, ते पुढचे कितीतरी अंक चालतं. पिक्चरमध्ये तो एकदा जिवाच्या आकांताने ओरडतो, आणि थोड्याच वेळात मिलिटरीचा ड्रोन पाडून जनरलशी गंमतीत बोलतोय, बाजूची ऑफिसर म्हणते दिसायला छान आहे. माझी तक्रार मान मोडण्याबद्दल नाहीच आहे, त्यानंतरच्या त्या हसण्याबद्दल आहे.

2009 च्या पिक्चरमध्ये डेडपूलचं तोंड शिवून टाकलं होतं त्यावर तर बोलायलाच नको, बडबड हाच ज्याचा धंदा त्याचं तोंड शिवायचं म्हणजे काय राव!

दिसण्यावरून जे वाद होतात ते मला तितकेसे कळत नाहीत. कॉमिकमधला वूल्व्हरिन बुटका, ह्यू जॅकमन सहा फुटांच्या वर, आता लोकांना दुसरा कोणी चालत नाही. हेरखात्याचा प्रमुख निक फ्यूरी सुरुवातीला गोरा होता, 2002 च्या कॉमिकमध्ये त्याला सॅम्युअल जॅक्सनचा चेहरा दिला आणि 2008 ला पडद्यावर तोच आला, कोणाचं काय अडलं? पण जज ड्रेडच्या बाबतीत मी हट्टी आहे, भविष्यातला हा पोलीस, न्यायाधीशही तोच. त्याचा पूर्ण चेहरा कॉमिकमध्ये दाखवतच नाहीत, कायम हेल्मेट, कारण तो माणूस म्हणजे कायदाच आहे, चेहरा असून चालणारच नाही. 1995 ला स्टॅलोनने हेल्मेट काढलं, कारण एवढा मोठा स्टार झाकून कोण ठेवणार, पिक्चर आपटला. 2012 ला कार्ल अर्बनने ते शेवटपर्यंत काढलं नाही, नुसत्या हनुवटीवर अख्खा रोल केला, मला तर प्रचंड आवडला, पण थिएटरात तोही आपटला. म्हणजे स्टुडिओवाल्यांना कोणी विचारलं की कॉमिकला धरून राहायचं का, तर ते हे दोन्ही आकडे समोर ठेवतील आणि माझ्याकडे त्यावर उत्तर नाहीये, तुमच्याकडे असेल तर पत्राने कळवा, पुढच्या भागात वाचून दाखवतो.