घर बदललं, पण एलटीसीवरचा पत्ता?

नमस्कार श्रोतेहो. टेक्सासमध्ये पोलिसाने गाडी थांबवून ओळखपत्र मागितलं आणि तुमच्याजवळ हँडगन असेल, तर परवानाधारकाने दोन कार्डं पुढे करायची असतात. एक ड्रायव्हर लायसन्स, दुसरं हँडगनच्या परवान्याचं, म्हणजेच एलटीसी. टॉर्चच्या उजेडात दोन्ही शेजारी-शेजारी धरली जातात. एकावर पत्ता फ्रिस्कोचा आणि दुसऱ्यावर अजून आयर्विंगचाच. आज बोलायचंय ते या दुसऱ्या कार्डाबद्दल.

जुने लोक याला अजून सीएचएल म्हणतात, म्हणजे कन्सील्ड हँडगन लायसन्स. १ जानेवारी २०१६ पासून हँडगन होल्स्टरमध्ये उघडपणे बाळगायला मुभा मिळाली आणि नाव झालं लायसन्स टू कॅरी, एलटीसी. पुढे १ सप्टेंबर २०२१ पासून, कायद्याने अपात्र नसलेल्या २१ किंवा त्याहून जास्त वयाच्या माणसाला परवान्याविनाही हँडगन बाळगता येते. मग पत्ता बदलायची कटकट कशाला, असं कुणालाही वाटेल. पण ज्याच्याकडे कार्ड आहे, त्याच्यावरचं बंधन तसंच आहे. कार्ड ठेवण्यात फायदेही आहेत. टेक्सासचा परवाना मानणाऱ्या इतर राज्यांत तो चालतो. शाळेच्या आवारापासून १,००० फुटांच्या आत बंदूक बाळगण्यावर केंद्राची बंदी आहे, तिच्यातून टेक्सासच्या हद्दीत या परवान्याने सूट मिळते.

नियम सरळ आहे. राहता पत्ता बदलला की ३० दिवसांच्या आत डीपीएसला, म्हणजे डिपार्टमेंट ऑफ पब्लिक सेफ्टीला, कळवायचं. परवान्याचा क्रमांक, जुना पत्ता आणि नवा पत्ता द्यायचा. नुसतं कळवून भागत नाही, डुप्लिकेट कार्डासाठी अर्जही करायचा. कायद्यात त्याची फी २५ डॉलर आहे. अर्ज डीपीएसच्या संकेतस्थळावरून करता येतो. नव्या कार्डावर पत्ता नवा येतो, मुदत मात्र जुनीच राहते.

सगळ्यात जास्त लोक चुकतात ते एकाच ठिकाणी. ड्रायव्हर लायसन्सही डीपीएसच देतं आणि त्यावरचा पत्ता बदलायलाही ३० दिवसच असतात. त्यामुळे एक बदललं की दुसरं आपोआप बदललं, असं वाटतं. तसं होत नाही. अर्ज दोन, फी दोन आणि कार्डंही दोन. पोस्टात टपाल नव्या पत्त्यावर वळवायला सांगितलं, म्हणजे डीपीएसला कळवलं असंही होत नाही. ते फक्त पोस्टाला कळलेलं असतं.

बाकीच्या चुका बारीक, पण त्रासाच्या. अपार्टमेंटचा नंबर राहून जातो आणि कार्ड भलत्याच दारी जातं. राहत्या पत्त्याच्या रकान्यात पोस्ट बॉक्स भरला जातो. डुप्लिकेट कार्डाची फी भरल्यावर खात्यातून रक्कम खरंच वळती झाली का ते बघून घ्या. आणि मुदत टळली तर? पत्ता कळवला नाही म्हणून परवाना ३० दिवसांसाठी निलंबित होऊ शकतो. पंचवीस डॉलरच्या कामासाठी ही किंमत जरा जास्तच.

दुकानातही हा पत्ता आडवा येतो. वैध एलटीसी दाखवली की बंदूक घेताना फोनवरची पार्श्वभूमी तपासणी टळते. मात्र ४४७३ हा केंद्राचा फॉर्म भरावाच लागतो आणि त्यावर आजचा राहता पत्ता हवा. फोटोच्या ओळखपत्रावर जुना पत्ता असेल, तर सरकारनेच दिलेला, नवा पत्ता असलेला दुसरा कागद जोडावा लागतो. गाडीची नोंदणी चालते, मालमत्ता कराचं बिल चालतं. घरमालकाशी केलेला भाडेकरार चालत नाही.

आपल्या मराठी मंडळींत ग्रीन कार्डवाले बरेच. त्यांना आणखी एक मुदत पाळावी लागते आणि तीच सगळ्यांत आखूड आहे. इमिग्रेशन खात्याला एआर-११ फॉर्मने नवा पत्ता १० दिवसांत कळवायचा. म्हणून सामान हलवलं की आधी एआर-११, मग ड्रायव्हर लायसन्स, मग एलटीसी, असा क्रम लावला तर घोटाळा होत नाही. एच-वन-बीवर असलेल्यांची गोष्टच वेगळी. त्यांना काही ठरावीक अपवाद सोडले तर केंद्राच्या कायद्याने बंदूक बाळगताच येत नाही.

राज्यच बदललं तर टेक्सासला कळवायचंच, शिवाय नव्या राज्याचे नियमही बघायचे. उदाहरणार्थ, ओहायोचा परवाना घेतला असेल, तर पत्ता बदलल्यावर मुदत ४५ दिवसांची आहे आणि तो परवाना देणाऱ्या शेरीफला, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाला, कळवावं लागतं. कोलोरॅडो आणि मिशिगन ही राज्यं बाहेरचा परवाना मानतात, पण साधारणपणे परवानाधारक तो देणाऱ्या राज्याचाच रहिवासी असेल तरच. म्हणजे तुम्ही कोलोरॅडोत घर केलंत की टेक्सासचं कार्ड तिथे सुरुवातीचे ९० दिवसच चालतं, पुढे उपयोगी पडत नाही. कोलोरॅडोचा परवाना सहसा तिथल्या काउंटीच्या शेरीफकडे मागावा लागेल. नमस्कार.