हातात नळी खुपसून जिना उतरलेला डॉक्टर

नमस्कार श्रोतेहो. आजचा विषय हृदय आणि रक्ताभिसरण, म्हणजे कागदावर तरी तसं लिहिलंय, पण खरं सांगायचं तर मला एका जर्मन डॉक्टरची गोष्ट सांगायचीय, आणि तिच्यासाठी लागेल तेवढं हृदय आधी उरकून घेते.

हाताची मूठ वळा. साधारण तेवढं हृदय. वजन पाव किलोच्या थोडं वर. आणि ते अगदी डावीकडे नसतं बरं का, छातीच्या जवळजवळ मधोमधच असतं, फक्त खालचं टोक डावीकडे कललेलं, सिनेमातल्या हिरोंनी आपली उगाच समजूत करून दिलीय. चार कप्पे असतात हे सगळ्यांनी शाळेत पाठ केलंय. पण खरं तर ते एक हृदय नाहीच, एकाला एक चिकटलेले दोन पंप आहेत, चाळीतल्या शेजारशेजारच्या खोल्यांसारखे, भिंत एकच पण मधे दार नाही. उजवीकडनं डावीकडे जायचं तर फुप्फुसांतून वळसा घालूनच यावं लागतं. अंगभर फिरून आलेलं रक्त उजवीकडे येतं, तिथनं फुप्फुसांत जातं, ऑक्सिजन घेऊन डावीकडे येतं, आणि डावा पंप ते डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत ढकलतो. परत सांगते, उजवा पंप फुप्फुसांसाठी, डावा सगळ्या अंगासाठी. म्हणून तर डाव्याची भिंत चांगली जाड असते.

एका ठोक्याला साधारण ७० मिली रक्त बाहेर पडतं, मिनिटाला सत्तर-बहात्तर ठोके, करा गुणाकार, पाच लिटर. आणि अंगात एकूण रक्त किती, तर तेही पाच लिटरच्या आसपास. म्हणजे मी हे वाक्य बोलायला सुरुवात केली तेव्हा तुमच्या हृदयातनं निघालेलं रक्त आता परतीच्या वाटेवर असेल. आणि ते निळं नसतं! पुस्तकातल्या आकृतीत शिरा निळ्या आणि धमन्या लाल रंगवतात ना, मी इतकी वर्षं विज्ञान शिकवलं, दर वर्षी वर्गात एक तरी पोर विचारायचंच की बाई, निळं रक्त कुठं असतं. शिरांतलं रक्त गडद लाल असतं, बस. छापणाऱ्यांनी खाली एक ओळ टाकली तर काय बिघडेल.

आता झडपा. ही आजची मुख्य गोष्ट, हिच्याकडे लक्ष द्या. हृदयात चार झडपा आहेत आणि त्या एकाच बाजूला उघडतात. रक्त पुढे गेलं की मागे झडप बंद, परत यायचं नाव नाही. डॉक्टर कानाला नळी लावून जे लब-डब ऐकतात तो या झडपा मिटल्याचाच आवाज. आणि झडपा फक्त हृदयात नाहीत, हातापायांच्या शिरांतसुद्धा आहेत, त्यासुद्धा एकाच बाजूला, हृदयाच्या दिशेनं उघडणाऱ्या. हे लोकांना पटवलं ते विल्यम हार्वे या इंग्रज डॉक्टरनं, १६२८ साली. तोवर युरोपात असं मानायचे की रक्त यकृतात तयार होतं आणि अंगात जिरून जातं. हार्वेनं सरळ हिशोब मांडला, की एका ठोक्याला अगदी थोडं रक्त बाहेर पडतं असं धरलं तरी अर्ध्या तासात अंगातल्या सगळ्या रक्तापेक्षा जास्त होतं, मग एवढं रक्त करणार कुठनं आणि जिरणार कुठं? त्यापेक्षा तेच ते गोल फिरतंय. त्यानं शिरेत सळई घालूनही बघितली, हृदयाकडनं हाताकडे सारायला गेलं की अडायची, हाताकडनं हृदयाकडे मात्र सहज सरकायची. ही सळई लक्षात ठेवा, आपल्या गोष्टीत ती परत येतेय.

तर गोष्ट. साल १९२९. जर्मनीत बर्लिनजवळ एबर्सवाल्डे नावाचं छोटं गाव, तिथल्या दवाखान्यात वेर्नर फोर्समान नावाचा पंचविशीतला नवखा डॉक्टर. त्याच्या डोक्यात एक चित्र बसलेलं, जुन्या पुस्तकातलं, फ्रेंच संशोधकांनी घोड्याच्या मानेच्या शिरेतनं थेट हृदयात नळी घातलीय आणि घोडा आपला निवांत उभा. हा म्हणाला, घोड्याला चालतं तर माणसाला का नाही? त्या काळी पेशंट जायला टेकला की छातीतनं सुई खुपसून हृदयात औषध द्यायचे, त्यात भलतंच काहीतरी फाटायची भीती. त्यापेक्षा कोपराच्या शिरेतनं नळी सारली, की झडपा तर हृदयाकडेच उघडतात, बरोबर जागेवर जाईल! साहेबांनी ऐकलं आणि सांगितलं, नाही म्हणजे नाही. पेशंटवर नाही आणि स्वतःवरही नाही.

पण निर्जंतुक केलेल्या सामानाच्या कपाटाची किल्ली साहेबांकडे नव्हती, ती होती गेर्डा डिट्झेन नावाच्या सिस्टरकडे. आणि मी म्हणते, कुठल्याही दवाखान्यात, शाळेत, घरात खरा कारभार कोणाचा, तर किल्ल्या ज्याच्याकडे त्याचा, बाकीचे नुसते सह्या करणारे. तर यानं सिस्टरला हळूहळू पटवलं. ती इतकी पटली की म्हणाली, मग माझ्यावरच करा प्रयोग. धाडस बघा त्या बाईचं! त्यानं दुपारच्या वेळी तिला टेबलावर निजवलं, हातपाय पट्ट्यांनी बांधले, तिच्या हाताला आयोडीन लावलं, आणि तिची नजर चुकवून बधिर केला तो स्वतःचा डावा हात. कोपराजवळची शीर उघडली आणि त्यातनं ६५ सेंटीमीटर लांबीची नळी आत सारायला लागला. दोन फुटांच्या वर हो! आणि नळी कसली, तर मूत्रमार्गाच्या तपासणीला वापरायची बारीक रबरी नळी, हृदयासाठी नळी करतंय कोण तेव्हा.

जवळजवळ अर्धी आत गेल्यावर त्यानं सिस्टरच्या पट्ट्या सोडल्या आणि म्हणाला, एक्सरेवालीला फोन करा. तेव्हा कुठं तिच्या लक्षात आलं की नळी आपल्या हातात नाहीच. भडकली ती, आणि भडकायलाच हवं होतं, कारण तिनं जीव पुढे केला होता आणि यानं तिला नुसतं बांधून ठेवलं. पण तरी गेली त्याच्याबरोबर. एक्सरेची खोली तळघरात. म्हणजे हा गडी, हातातनं लोंबणारी नळी सांभाळत, चालत, जिना उतरून खाली गेला. एक्सरेचं चित्र दिसतं त्या पडद्यामागे उभा राहिला, समोर आरसा धरायला लावला, आणि आरशात बघत बघत नळी पुढे सारायला लागला. तेवढ्यात त्याचा एक डॉक्टर मित्र झोपेतनं उठून धावत आला, वेडा झालास का म्हणत नळी ओढून काढायला लागला, आणि यानं त्याच्या नडगीवर लाथा घातल्या! लाथा! आणि नळी सारली पुढे, उजव्या वरच्या कप्प्यापर्यंत, आणि म्हणाला, काढा फोटो.

दुखलं का? नाही. शिरेच्या आतल्या बाजूला दुखणं फारसं कळतच नाही, किंचित ऊब जाणवली म्हणे. शिरेतनं गेलेली नळी उजवीकडेच का पोचली हे तुम्हीच सांगा आता. अंगभर फिरून परत येणारं रक्त कुठं येतं? उजवीकडे.

पुढे त्याचं कौतुक झालं असेल असं वाटेल तुम्हाला. छे. बर्लिनच्या मोठ्या इस्पितळातल्या बड्या सर्जननं असले खेळ सर्कशीत दाखव म्हणून हाकलल्याचं सांगतात. १९३२ साली हा नाझी पक्षात गेला, हे पण सांगितलंच पाहिजे, गोष्ट आपल्या आवडीची म्हणून ते झाकायचं नाही. हृदयाचं काम सोडून तो शेवटी झाला मूत्ररोगतज्ज्ञ, म्हणजे नळी मूळ कामालाच लागली म्हणा ना. इकडे न्यूयॉर्कमध्ये कूर्नां आणि रिचर्ड्स या दोघांनी त्याची युक्ती वापरून हृदयाच्या आतला दाब मोजायचं शास्त्र उभं केलं, आणि १९५६ साली तिघांना मिळून नोबेल मिळालं. सिस्टरला काही नाही.

आपल्याकडे आता घरटी कोणीतरी अँजिओ केलेलं असतं, मनगटातनं किंवा मांडीतनं. ती या नळीचीच नात, पण ती शिरेतनं जात नाही, धमनीतनं उलटी वर जाते, कारण तिला बघायच्या असतात खुद्द हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या. हृदय रक्तानं भरलेलं असलं तरी त्याच्या जाड भिंतीला त्यातलं रक्त थेट मिळत नाही, तिला वेगळ्या धमन्या लागतात आणि तुंबतात त्या याच. छातीत दाबल्यासारखं, घाम, डाव्या हाताला कळ, असं झालं तर गॅस झालाय म्हणून सोडा पीत बसू नका, १०८ ला फोन करा. सोडा पिऊन थांबणारे बहुतेक पुरुष असतात, हे माझं मत.

एक पोटऱ्यांचं सांगायचं राहिलं. पायातलं रक्त वर कसं चढतं? चालताना पोटरीचे स्नायू शिरा पिळतात, आणि झडपा एकाच बाजूला उघडत असल्यामुळे रक्त वरच सरकतं. एका जागी तासन्तास उभं राहिलं की हे पिळणं बंद, रक्त खाली साचतं, झडपा ढिल्या पडतात, शिरा फुगून गाठी दिसायला लागतात. साड्यांच्या दुकानात गिऱ्हाईक नसलं तरी दिवसभर उभ्या ठेवलेल्या पोरी बघते ना मी, जीव तुटतो, अहो एक स्टूल द्यायला काय जातं? केरळनं २०१८ साली कायद्यात बदल करून बसायचा हक्क दिला, तमिळनाडूनं २०२१ साली. त्यांना जमतं.

काचेपलीकडनं हात दाखवतायत, ब्लडप्रेशर राहिलंच. पटकन सांगते. १२० वर ८०. वरचा आकडा, डावा पंप आवळतो तेव्हाचा धमनीतला दाब. खालचा, तो सैल पडतो तेव्हाचा. वरचा आवळताना, खालचा सैल पडताना. आणि जिना चढून आल्या आल्या मोजू नका, आधी पाच मिनिटं पाठ टेकून बसा, पायावर पाय नको, आणि पट्टा फुगत असताना बोलायचं नाही, अगदी सुनेशी सुद्धा. नमस्कार.