आधी झाडं, मग माणसं

श्रोतेहो, नमस्कार. मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ साली कोल्हापुरात आले. त्यांच्या नावाचं चर्च शहरात आजही आहे. चर्चमध्ये बायबलचा उतारा वाचतात, प्रवचन होतं. आज बोलायचंय ते घरी, एकट्यानं करायच्या बायबलवाचनाबद्दल. सकाळी रंकाळ्यावर फेरी मारून आलात की वीस मिनिटं काढा, तेवढी पुरतात.

बाराव्या शतकातला, कार्थुसियन या ख्रिस्ती संन्यासी संघाचा मठाधिपती गिगो दुसरा यानं या वाचनाच्या चार पायऱ्या सांगितल्या : वाचन, मनन, प्रार्थना आणि निःशब्द ध्यान.

उतारा लहानच घ्या. मार्कनं लिहिलेलं शुभवर्तमान, म्हणजे येशूचं चरित्र, अध्याय ८, वचनं २२ ते २६. बेथसैदात लोक एका आंधळ्याला घेऊन येतात. येशू त्याचा हात धरून त्याला गावाबाहेर नेतो, डोळ्यांवर थुंकतो, हात ठेवतो आणि विचारतो, काही दिसतं का? माणसं दिसतात, पण चालत्या झाडांसारखी. पुन्हा हात ठेवल्यावर स्वच्छ दिसतं. दोन टप्प्यांत बरं केल्याची हकीकत चारही शुभवर्तमानांत एवढी एकच.

दोनदा मोठ्यानं वाचा. मग मागचंपुढचं पाहा. वचन १८ मध्ये येशू शिष्यांनाच विचारतो, डोळे असून दिसत नाही का? वचन २९ मध्ये त्यांच्यातला पेत्र म्हणतो, आपण ख्रिस्त आहात. आणि ३३ मध्ये तोच पेत्र खरमरीत बोलणी खातो, कारण येशूनं दुःख सोसायचं हे त्याच्या पचनी पडत नाही. त्याला ख्रिस्त दिसला, क्रूस दिसला नाही. म्हणजे आंधळा हा शिष्यच, हा अर्थ आपण बाहेरून चिकटवत नाही. मार्कनं मांडणीच तशी केलीय.

इथे बहुतेकांची गाडी घसरते. झाडं म्हणजे आपला शेजारी किंवा जाऊबाई, असं वाटू लागतं! किंवा थुंकीचा, गावाचा, सगळ्याचाच गूढार्थ काढायचा सोस लागतो. बायबलच्या वचनांचे चार अर्थ सांगणारा जुन्या काळचा ख्रिस्ती संन्यासी जॉन कॅसियनही साध्या घटनेचा अर्थ सोडत नाही.

प्रार्थनेत येशूच्या ‘काही दिसतं का?’ या प्रश्नाला खरं उत्तर द्यायचं. आंधळ्यानं भिडेखातर ‘सगळं दिसतं’ म्हटलं नाही. आपल्याला काय अर्धवट दिसतंय, ते एका वाक्यात सांगा. मग पुस्तक मिटून गप्प बसा. मन भरकटलं तर खालच्या पायरीवर या, गिगोलाही ते मान्य आहे. आणि हे पारायण नव्हे. उद्या पुढचा उतारा घेण्याची घाई नको, हाच पुन्हा वाचा.