कंटेंट-टाइपला स्ट्रिंग समजू नका

नमस्कार. मीडिया टाइपसाठी, म्हणजे फाइल किंवा मजकूर कोणत्या प्रकारचा आहे ते सांगणाऱ्या नावांसाठी, लायब्ररी कशी रचावी हे सांगायचं मी कबूल केलंय, आणि ते सांगणारच आहे. पण त्याआधी एक गोष्ट बोलू द्या. ती पटली नाही तर पुढची सगळी रचना तुम्हाला उगाच वाढवलेलं काम वाटेल. वेबवरच्या एचटीटीपी देवाणघेवाणीत मजकुराआधी हेडर येतं, त्यातून जो कंटेंट-टाइप, म्हणजे आलेल्या मजकुराचा मीडिया टाइप, येतो तो आपण स्ट्रिंग म्हणून, नुसती अक्षरांची माळ म्हणून घेतो, स्ट्रिंग म्हणूनच साठवतो, पुढे ढकलतो, आणि शेवटी दोन बरोबरच्या खुणा लावून तपासतो. हे थांबायला हवं, असं मला अगदी मनापासून वाटतं.

एका पोर्टलवर लाभार्थ्यांच्या याद्या सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या साध्या मजकुराच्या, फाइलमधून चढवायच्या होत्या. सर्व्हरवरची तपासणी एका ओळीची: प्रकार 'टेक्स्ट/सीएसव्ही' असेल तर फाइल घ्या, नाहीतर 'अवैध फाइल' म्हणून परत पाठवा. कोड लिहिणाऱ्यांकडे मॅक आणि लिनक्स. सगळ्यांच्या मशीनवर चाललं, टेस्ट हिरव्या झाल्या, कोड लाइव्ह गेला. तालुक्याच्या ठिकाणी ज्या ताई प्रत्यक्ष याद्या भरत होत्या त्यांच्याकडे मात्र विंडोज, आणि त्यावर एक्सेल. एक्सेल बसवलं की विंडोजच्या रजिस्ट्रीत सीएसव्ही हे एक्स्टेंशन एक्सेलच्या नावावर लागतं. ब्राउझर फाइल पाठवताना प्रकार तिथूनच उचलतो आणि सर्व्हरला सांगतो, 'ॲप्लिकेशन/व्हीएनडी.एमएस-एक्सेल'. फाइल तीच, आतला बाइट न् बाइट तोच, पण उत्तर 'अवैध फाइल'. हेल्पलाइनवरून सांगितलं जायचं, "ताई, परत सेव्ह करून बघा." त्या परत सेव्ह करायच्या, परत तेच. चूक त्यांची नव्हती आणि फाइलचीही नव्हती. पण संध्याकाळपर्यंत यादी चढली नाही म्हणून बोलणी त्यांनाच खावी लागली. मला राग येतो तो याचा.

आता दुरुस्ती कशी झाली ते ऐका. तपासणीत एक 'किंवा' वाढवला: एक्सेलचा प्रकार आला तरी घ्या. लगेच खऱ्याखुऱ्या एक्सएलएस फाइलीही आत यायला लागल्या, कारण त्यांचाही प्रकार तोच. सीएसव्ही वाचून तोडणाऱ्या पार्सरपुढे बायनरी येऊन पडली. मग दुसऱ्या एका सिस्टिमकडून 'टेक्स्ट/सीएसव्ही; चारसेट=यूटीएफ-८' असा, अक्षरं बाइटांत कशी लिहिलीत (चारसेट) तेही सांगणारा प्रकार आला. हा तर अगदी शुद्ध, नियमाला धरून. पण दोन स्ट्रिंगा जुळेनात, म्हणून तोही नाकारला. त्यावर उपाय काय, तर 'या अक्षरांनी सुरू होते का' एवढंच बघा. आता आयानाच्या, म्हणजे इंटरनेटवरची अशी नावं नोंदवणाऱ्या संस्थेच्या, नोंदवहीत 'टेक्स्ट/सीएसव्ही-स्कीमा' नावाचा वेगळाच प्रकार आहे. तोही त्याच अक्षरांनी सुरू होतो! एकेक अट वाढत गेली, आणि प्रत्येक अट कुणीतरी अडल्यावर घाईत लिहिलेली.

मुळात ही रचना ज्यांनी केली त्यांनी ती स्ट्रिंग म्हणून केलेलीच नव्हती. नॅथॅनिएल बोरेनस्टीन आणि नेड फ्रीड यांचा माइमचा, म्हणजे हे प्रकार जिथून आले त्या ईमेलच्या नियमांचा, पहिला प्रकाशित दस्तऐवज आरएफसी १३४१, जून १९९२चा. (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम मांडणारे क्रमांकित दस्तऐवज.) त्याआधी ईमेल म्हणजे साधा इंग्रजी मजकूर. बोरेनस्टीन स्वतः एका गायक चौकडीत गात. त्या चौकडीचा फोटो आणि तिचं गाणं त्यांनी त्या वर्षीच्या मार्चमध्ये ईमेलला जोडून पाठवलं होतं. एवढ्या आनंदाच्या कामासाठी जन्मलेली ही गोष्ट आहे, म्हणून मला तिच्याबद्दल माया आहे. तर त्यांनी रचनाच अशी केली: मुख्य प्रकार, उपप्रकार, आणि मग पॅरामीटर, नाव आणि किंमत अशा जोड्यांनी. म्हणजे पहिल्या दिवसापासून तिला अवयव आहेत. ते आपण पुसून टाकतो.

पुसल्यावर काय होतं त्याचा हा एक नमुना. प्रकाराच्या नावात कॅपिटल-स्मॉल हा भेद नाही, हे कुणीतरी वाचतं आणि आलेलं अख्खं हेडर स्मॉल करून टाकतं. हेतू चांगला. पण मल्टिपार्ट, म्हणजे अनेक भागांच्या, अपलोडमध्ये त्याच हेडरात ते भाग वेगळे करणारी खूण, 'बाउंडरी', असते, आणि तिच्यात भेद आहे. क्रोम ती बाउंडरी कॅपिटल आणि स्मॉल अक्षरं मिसळून तयार करतो. हेडरातली स्मॉल झाली, बॉडीमधली आहे तशीच राहिली, आता एकही भाग सापडत नाही. किंवा व्हिडिओ घ्या. तिथे 'कोडेक्स' या पॅरामीटरची किंमत अवतरणचिन्हांत असते आणि तिच्या आत स्वल्पविराम असतो. ॲक्सेप्ट हेडर, म्हणजे 'मला कोणते प्रकार चालतील' ती यादी, स्वल्पविरामावर तोडणाऱ्या कोडने तिचे मधोमध दोन तुकडे केलेच म्हणून समजा.

आता आपल्या घरचं दुखणं, चारसेट. 'मराठी' या शब्दात म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी अशी पाच युनिकोड चिन्हं. यूटीएफ-८मध्ये प्रत्येकाचे तीन, एकूण पंधरा बाइट. सर्व्हरने 'टेक्स्ट/एचटीएमएल' एवढंच सांगितलं आणि चारसेट सांगितला नाही, तर वाचणाऱ्याने काय समजायचं? १९९९च्या एचटीटीपी १.१मध्ये लिहिलं होतं की आयएसओ-८८५९-१ समजा. तो पश्चिम युरोपच्या भाषांचा अक्षरसंच. पुढे २०१४मध्ये तो नियम काढून टाकला, पण पायथनमधल्या एका फार लोकप्रिय लायब्ररीत तो अंदाज तसाच राहून गेला. मग 'म'च्या जागी काय दिसतं? डोक्यावर तिरपी रेघ असलेला रोमन ए, मग चार काटे फुटलेली गोल खूण, मग वर्तुळातला आर. 'ठ'चा तिसरा बाइट तर त्या संचात न दिसणारी स्पेस आहे, म्हणजे शब्द मध्येच फुटल्यासारखा दिसतो. आपल्यापैकी प्रत्येकाने हा कचरा पाहिलाय. आणि तो पाहून "सर्व्हरवर मराठी सपोर्ट नाही" असं सांगणारेही भेटलेत. सपोर्ट होता हो! पंधराच्या पंधरा बाइट धडधाकट पोचले होते. फक्त लायब्ररीने 'माहीत नाही' म्हणायच्या जागी एक उत्तर ठोकून दिलं.

समोरून वेळ संपत आल्याची पाटी दाखवतायत, तेव्हा रचना आता भरभर सांगतो. स्लाइड वाचत बसू नका, नुसतं ऐका.

हेडर हातात आलं की तिथेच, एकदाच, पार्स करा. पुढे कोडमध्ये स्ट्रिंग फिरू देऊ नका, त्यातून बनलेलं मूल्य फिरू द्या, आणि ते बदलता न येणारं ठेवा. त्यात मुख्य प्रकार, उपप्रकार आणि पॅरामीटर वेगळे असावेत. उपप्रकारातली अधिकच्या चिन्हापुढची शेपटी वेगळी विचारता यावी, म्हणजे 'इमेज/एसव्हीजी+एक्सएमएल' आल्यावर हा एक्सएमएल पार्सरला चालेल हे कळतं. प्रकारांची आणि पॅरामीटरची नावं स्मॉल करा, पॅरामीटरच्या किमतींना हात लावू नका. 'गो'च्या प्रमाण लायब्ररीतलं पार्समीडियाटाइप नेमकं हेच करतं, त्याचा कोड जरूर वाचा. पायथनवाल्यांनी लक्षात ठेवा, सीजीआय मॉड्यूलमधलं पार्स-हेडर ३.१३पासून गेलेलं आहे, त्याचं काम आता ईमेल पॅकेजकडून करून घ्यायचं.

चारसेट नसेल तर 'नाही' हेच उत्तर द्या. अंदाज करायचाच असेल तर तो बोलावणाऱ्याने स्वतः, डोळ्यांदेखत करावा. जेसनला तर चारसेट पॅरामीटरच नाही. २०१७च्या आरएफसी ८२५९ प्रमाणे दोन सिस्टिममध्ये जाणारं जेसन यूटीएफ-८च असलं पाहिजे.

समान असणं आणि जुळणं या दोन वेगळ्या क्रिया ठेवा. जावामध्ये स्प्रिंगने त्याही पुढे जाऊन 'इन्क्लूड्स' आणि 'इज कम्पॅटिबल विथ' असे दोन प्रश्न केलेत: पहिला एकतर्फी, दुसरा दोन्हीकडून सारखाच. आणि माझा आग्रह असा की 'टेक्स्ट/*' हा प्रकारच नव्हे, ती श्रेणी आहे, तिला वेगळा क्लास द्या. बऱ्याच लायब्ररी दोघांना एकाच क्लासमध्ये कोंबतात. मग तारांकनवाला प्रकार उत्तराच्या कंटेंट-टाइपमध्ये जाऊन बसतो आणि कंपायलर चकार शब्द काढत नाही.

अनोळखी प्रकार आला म्हणून एक्सेप्शन फेकू नका, नोंदवही वाढतच असते. आणि त्या ताईंच्या फाइलचं म्हणाल, तर ब्राउझरने सांगितलेला प्रकार हा फक्त दावा आहे. तो जपून ठेवा, लॉगमध्ये लिहा, पण फाइल घ्यायची की नाही हे पहिले काही बाइट बघून ठरवा. जुन्या एक्सएलएसची सुरुवात ठरलेल्या आठ बाइटांनी होते. ते नसतील तर सीएसव्ही म्हणून पार्स करून बघा, आणि नाहीच जमलं तर कितव्या ओळीवर अडलं तो आकडा त्यांना दाखवा. ॲक्सेप्टमधल्या पसंतीक्रम सांगणाऱ्या क्यू-किमती राहिल्या, त्या चहाच्या वेळी विचारा.